दहावी पायरी

अख्ख्या धुळ्यात आमच्या साडूंनी नावं ठेवली नाहीत असं एकही लाकडी सामान नसेल. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेला माणूस; कुणाकडे गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी टेबल हलवलं, खिशातून कागदाची घडी काढून एका पायाखाली सारली आणि मग म्हणाले, "हं, आता आणा चहा." चर्चमध्ये प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना हे बाकाचा सांधा बोटाने चाचपत. मी चार वेळा पाहिलंय. म्हणजे चार वेळा माझेही डोळे उघडे होते, हेही सांगून टाकतो.

पाळकसाहेबांनी तरुण संघाकडून पिंपळनेरच्या मेळाव्यासाठी सद्गुणांवर काही हस्तकला करून घ्यायचं काम त्यांच्यावर सोपवलं. इतर गावच्या मंडळ्या पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवत होत्या. साडूंनी सागवानी शिडी करायला घेतली. मुलंमुली नऊ, पायऱ्या नऊ, प्रत्येकीवर एक सद्गुण कोरायचा. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण ज्याच्यात जो गुण कमी, तोच त्याच्या वाट्याला, असा त्यांचा नियम. भांडखोराला शांती, आळशाला उद्योग आणि माझ्या थोरलीला सत्य. वर आणखी, तो गुण साक्षीदारांसमोर एकदा पाळून दाखवल्याशिवाय पायरी शिडीत बसवायची नाही.

पाच घरचे आईबाप भांडायला आले. सहावा मी. "माझी मुलगी खोटं बोलते म्हणता?" साडूंनी रंधा न थांबवता सांगितलं, "तिलाच विचारा." थोरली मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मागच्या महिन्यात मी गाण्याच्या तालमीला गेलेच नव्हते. तिन्ही वेळा." साडूंनी तिथल्या तिथे तिची पायरी बसवली. मी मागे सरलो, पण बाकीचे सरतील कसे? मुलांना उद्यापासून पाठवणार नाही, असा गलका सुरू झाला. तेवढ्यात थोरलीनेच विचारलं, "काका, तुमची पायरी कुठली?"

रंधा थांबला. मुलं कोपऱ्यात कुजबुजली आणि एकमताने म्हणाली, "क्षमा."

याचं कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. अमळनेरला त्यांचे थोरले भाऊ राहतात. त्यांच्या घराला साडूंनी हौसेने दार करून दिलं. पावसाळ्यात ते अडकायला लागलं, तसा भावाने न विचारता त्याला रंधा मारला. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. "माझ्या दाराला हात लावला!" एवढंच सांगत, तेही कान लाल करून. एक बाप साडूंना म्हणाला, "तुम्ही तुमची पायरी बसवा, आमची मुलं येतील. नाहीतर नाही."

शिडीत सगळ्यात खाली जेमतेम वीतभर जागा उरली होती. पायरी एका दिवसात कोरून झाली आणि बारा दिवस भिंतीला टेकून राहिली. मुलं रोज येऊन तिच्याकडे बघून जात. मेळावा दोन दिवसांवर आला तेव्हा साडू सकाळच्या एसटीने कुणाला न सांगता गेले. संध्याकाळी परतले ते भावाला घेऊनच. साक्षीदार नको का!

भाऊ अंगणातूनच ओरडले, "कोठे शे ती शिडी? दारले मी रंधा मारा, हाई खरं शे. पन ते बठ्ठं फुगेल व्हतं ना!"

"फुगणारच. पावसाळ्यासाठी फटच ठेवली नव्हती मी," साडू म्हणाले. "चूक माझी होती, नाना."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं. शेवटची खुंटी नानांनी ठोकली.

पिंपळनेरला पहिलं बक्षीस पुठ्ठ्याच्या दीपस्तंभाला मिळालं. आमच्या शिडीपाशी मात्र नऊही मुलं आपापल्या पायरीशेजारी उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला थोरली सांगत होती, "मला सत्य मिळालं, कारण मी खोटं बोलायचे." परीक्षेत ती पहिली आली तेव्हाही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

आता साडू बिऱ्हाड हलवून भावाजवळ राहतात. थोरली लग्न होऊन साक्रीला गेली. परवा तिचं पत्र आलं. इतर मुली मजेत असल्याचं लिहितात. हिने पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'बाबा, मला इथे अजून करमत नाही.' पत्र मी तीनदा वाचलं. येत्या रविवारी ते साडूंना दाखवायला अमळनेरला जाणार आहे.