खारातून न उचललेली माती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पित्तापासून पायदुखीपर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. निवृत्त होऊन ठाकुर्लीत बसलोय, वेळ बक्कळ आहे आणि एक बाई डोक्यातून जात नाही.

मी कृषी सहायक होतो. दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीलगतच्या गावात बायजाबाईंचं भातशेत होतं. तिथल्या बांधाला एक उघाडी आहे — भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं लाकडी दार, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून. ते सांभाळायचा मान सासऱ्यांपासून त्यांच्या घराकडे. नवरा गेल्यावरही गावाने तो काढून घेतला नाही. यावरून बाई कशी असेल ते ओळखा.

त्या वर्षी मला कमी पाण्यातल्या भाताचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. शेतात भोकं पाडलेला पाइप पुरायचा, पाणी किती खाली गेलं ते त्यात बघायचं, जमीन थोडी सुकू द्यायची, मग पुन्हा भरायचं. पद्धत चांगली आहे, तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. फक्त आधी माती तपासायची. खारी निघाली तर तिथे हा प्रयोग करायचा नाही. एवढं साधं.

मे महिना होता. बाईंचं खारातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल पट्ट्यातलं, शेत पार बांधाच्या टोकाला, उघाडीला लागून. आणि मला संध्याकाळी डोंबिवलीत मेव्हणीच्या साखरपुड्याला पोहोचायचं होतं. काय केलं असेल मी? त्यांच्या घरामागच्या उंचवट्यावरची माती पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर खारातल्या शेताचा नंबर टाकला. मातीची पत्रिका छान आली. येणारच.

बाईंनी सांगितलं होतं हो — "सायेब, ये शेतान पानी उभा पायजे. पानी गेला का मीठ वर येतं." मी त्यांच्यापुढे पत्रिका धरली. छापील कागद बघून त्यांनी पाइप पुरू दिला. शिकलेला माणूस ना मी!

भाद्रपदात पावसाने ओढ दिली. भात पोटरीत होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. कमी पाण्यातला भात दाखवायची हीच वेळ, म्हणून मी शेतातलं पाणी सोडून द्यायला लावलं. आठवडाभरात जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला, पातींचे शेंडे करपले. घाईघाईने पुन्हा पाणी भरलं, पण लोंब्या आल्या त्या पोकळ.

गाव जमलं. माझे वरिष्ठही आले. मीठ आलं कुठून, असा प्रश्न निघाला. आणि मी — मी म्हणालो, उधाणाला उघाडी उघडी राहिली असेल. कुणीतरी विचारलं, मग बाकीची शेतं कशी वाचली? त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं — बाईंचं शेत दाराला लागून, पहिला घोट त्यालाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कारण उधाणाच्या दिवशी मी स्वतः त्या बांधावर होतो. दार लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाजही चढवला नाही.

"दार मी लावलता, सायेब. तुमी बगलाव ना?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्याच बैठकीत उघाडी दुसऱ्या घराकडे गेली. एक पीक गेल्याचं दुःख बाईंनी गिळलं असतं. पण हिने दार उघडं टाकलं, हे त्या मरेपर्यंत ऐकत राहिल्या — बांधावर, लग्नात, घरच्या सुनेकडूनसुद्धा. मी अहवालात 'शेतकऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. सुवाच्य अक्षरात. कसला नीच माणूस मी, हे तेव्हाही मला कळत होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या दारात गेलो, तर त्यांनी खुर्ची आणून ठेवली. आणि मी त्या खुर्चीवर बसलो.

नंतर माझी बदली झाली. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या असत्या तर गावासमोर जाऊन हे बोललो असतो का? नाही. त्या होत्याच की — त्यानंतर नऊ वर्षं. शीळफाट्यावरून वळलं की त्यांचं गाव. मी सरळ जायचो.