दारापर्यंतचे बूट

मी उंच टाचेचे बूट घालतो. बायकांच्या कप्प्यात मिळतात ते, घोट्याच्या वर येणारे, आतल्या अंगाला चेन असलेले. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी दचकायला नको. बाकी माझ्यात पाहण्यासारखं काही नाही. बसमध्ये कंडक्टर होतो, निवृत्त झालो. मुलीचं लग्न करून दिलं. नेवासे तालुक्यातल्या एका गावात राहतो, दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जातो, आणि मिशा राखतो.

का घालता, असं मला पुष्कळांनी विचारलं. आवडतात म्हणून घालतो. तंबाखू मळणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, ऊन नसताना गॉगल लावून फिरणाऱ्याला विचारत नाही, मग मीच काय घोडं मारलंय? नोकरीत असताना कॉलेजची एक मुलगी रोज सकाळी आमच्या गाडीला असायची. तिच्या पायात असे बूट होते आणि पायऱ्या चढताना त्यांचा टक टक आवाज यायचा. तिकीट देताना माझं लक्ष खाली जायचं. मुलगी नव्हे, बूट बघायचो. ते आपल्या पायात असावेत असं वाटायचं. घंटीची दोरी ओढायला मला टाचा उचलाव्या लागायच्या, इतका मी बुटका. पण उंची हे काही खरं कारण नव्हे. ते बूट चढवले की पाठ आपोआप सरळ होते आणि मला बरं वाटतं, एवढंच मला ठाऊक आहे.

नोकरी संपेपर्यंत हे मनातच ठेवलं. मग एका दुपारी बायको मेथी निवडत बसली होती, तिला सांगून टाकलं. ती बराच वेळ नुसती मेथी निवडत राहिली. मला वाटलं, झालं, आता संसार मोडला. तिने काड्या झाडून बाजूला केल्या, उठली, केरसुणीतून एक काडी उपसली, माझ्या पावलाला लावली आणि टाचेपाशी मोडली.

आमच्याकडे चपला आणायची हीच रीत. माणूस घरी राहतो आणि त्याच्या मापाची काडी बाजारात जाते. बायकोने काडी पिशवीत घातली आणि मला घेऊन नगरच्या कापडबाजारात गेली. मी बाहेर रसवंतीवर उभा. दुकानात तिने सांगितलं, बहिणीसाठी पाहिजेत, बहीण हाडापेराने थोराड आहे. दुकानदाराने काडी बुटात घालून पाहिली, बरोबर बसली. पण काडीला लांबी कळते, रुंदी कळत नाही. त्या पहिल्या जोडाने माझ्या करंगळ्या सोलून काढल्या. मी घरातल्या घरात, फरशीवर, दात आवळून चालायचो आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “नवरी आली वाटतं.”

शेवटी तीच म्हणाली, “आता काडी न्हाई. पायच घिऊन चला.”

त्या दिवसाइतका मी आयुष्यात क्वचित घाबरलो असेन. बसच्या दारात दारुड्यांशी झोंबलेला माणूस मी, पण दुकानातल्या त्या गुबगुबीत स्टुलावर बसताना माझे कान तापले होते. दुकानदाराने बायकोकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती. मॅडमसाठी ना, असं त्याने विचारलं तेव्हा मी पाय पुढे केला आणि या पायांसाठी, असं सांगितलं. शेजारी शाळेचे बूट घ्यायला आलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं. पण दुकानदार शेवटी व्यापारीच. त्याने खोकी काढायला सुरुवात केली. तिसऱ्या खोक्यातला काळा जोड पायात असा बसला की मी उठून उभाच राहिलो. आरशात पायांकडे बघताना मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बायको म्हणाली, चला आता, उगा दुकानात रडू नका.

नवीन बूट घालून आम्ही गेलो कुठे, तर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. म्हैस घ्यायची होती. शहाण्या माणसाने तिथे पांढरं धोतरसुद्धा घालून जाऊ नये. पण मला ते लोकांत घालायचे होते आणि बाजारासारखे लोक दुसरीकडे मिळत नाहीत. तिथे सगळ्यांची नजर मुळात पायांवर असते, जनावर घेताना आधी खूर बघतात. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला खालून वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “पाव्हनं, खुरं लई वाढल्यात. साळून घ्या.”

आजूबाजूला हशा पिकला. मीही हसलो, बायकोही हसली. म्हातारा लाखात एक होता, मनात काही न ठेवता बोलला होता. पण बाजाराच्या दिवशी घोडेगावात निम्मा जिल्हा असतो. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, आणि आम्ही म्हैस घेऊन घरी पोचायच्या आत तो बायकोच्या माहेरी, देवळाली प्रवऱ्याला पोचला.

तिचे थोरले भाऊ, माझे मेहुणे, तिथे ऊस करतात. चर्चच्या मंडळीच्या पंचांत त्यांचं नाव आहे, गावात शब्दाला वजन आहे. भला माणूस. आमच्या मुलीच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांचा फोन आला. चार लोकांत मान खाली गेली, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकून घेतलं, कारण त्यांची मान खाली गेली हे खरंच होतं. शेवटी ते म्हणाले, “दाजी, आमच्या दारात ते बूट घालून यिऊ नका.”

बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. “दादा, त्यांचा पाय न्हाई तिथं माझाबी न्हाई,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आता गंमत बघा. आपल्याकडे घरात पायताण घालून कोण शिरतं? बूट दारापर्यंतच. आत मी अनवाणी, मेहुणे अनवाणी, सगळेच अनवाणी. आमच्या गावच्या चर्चमध्येही पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो आणि त्यात माझे बूट उभे राहतात. पाळकसाहेबांनी कधी ब्र काढला नाही, कारण त्यांच्यासमोर मी सतरंजीवर उघड्या पायांनीच बसलेला असतो. म्हणजे सगळा तंटा होता तो मेहुण्यांच्या गल्लीच्या तोंडापासून उंबऱ्यापर्यंतच्या वाटेचा. तेवढ्या वाटेसाठी बहीणभाऊ एकमेकांपासून तुटले.

आणि आत सासूबाई होत्या. ऐंशी उलटलेल्या, गुडघ्यांनी बसलेल्या, गाडीत चढणं कधीच सुटलेलं. बायको दर पंधरवड्याला जायची, आईच्या डोक्याला तेल लावायची, नखं काढायची, दोघी अंगणात बसून शेंगा फोडायच्या. ते सगळं थांबलं. मी तिला सांगितलं, मी चपला घालून येतो, बूट काय पळून जातात का. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. चिडूनही सांगितलं. मी घरी राहतो, तू एकटी जा, हेही सांगितलं. ती ऐकेना. आज बूट काढायला लावले तर उद्या आणखी काही काढायला लावतील, असं तिचं म्हणणं. मेहुण्यांचंही तेच, आज ऐकून घेतलं तर उद्या काय काय ऐकावं लागेल. दोघं एकाच आईच्या हट्टावर वाढलेली, त्यात मी कोण बोलणार?

सासूबाईंना ऐकू येत नव्हतं. फोन लावला की पलीकडून त्या एकच विचारायच्या, “कवा येतीस?” बायको ओरडून सांगायची, येते गं. पुन्हा ओरडायची. आमच्या आळीतल्या सगळ्यांना ऐकू जायचं, तेवढं त्यांनाच जायचं नाही. त्या परत विचारायच्या, कवा येतीस. मग बायको फोन ठेवून गोठ्यात जायची आणि बराच वेळ म्हशीला चारत बसायची. मी बूट ट्रंकेत टाकले तर तिने ते काढून पुन्हा दारात ठेवले. पावसाळा गेला, नाताळ गेला, ऊसतोडीचे टेम्पो येऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या एका बुटाची टाच फुटली.

दुसरा जोड घ्यायला आम्ही नगरला त्याच दुकानात गेलो. दुकानदार आता ओळखीचा झाला होता, चहा मागवला होता. मी नवीन जोड चढवून चालून बघत होतो तेव्हा बायकोचा फोन वाजला. तिने नुसतं हं, हं केलं आणि फोन मांडीवर ठेवला. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

“आई गेली,” ती म्हणाली.

माती दुपारीच होती, उन्हाळ्याचे दिवस. मी दुकानदाराला म्हटलं, एक साधी चप्पल दे लवकर. बायकोने माझा दंड धरला. “ज्या पायांवरनं झालं, त्याच पायांनी चला,” ती म्हणाली. तिथे वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

देवळालीत गल्ली माणसांनी भरली होती. मी मान खाली घालून चाललो आणि माझ्या टाचांचा आवाज मलाच नको झाला. आयुष्यात एवढी लांब गल्ली मी चाललो नव्हतो. दारात बूट काढले, आत गेलो. बायको आईच्या पायांवर पडली आणि तिला कोणी उठवू शकेना. मेहुणे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळकांनी प्रार्थना केली, गीतं झाली, पेटी बंद केली.

पेटी उचलायला पुढे मेहुणे आणि मी, मागे त्यांचे दोघे चुलतभाऊ. त्या घरातले पुरुष सगळे ताडमाड. दाराबाहेर आल्यावर बाकीच्यांनी चपलांत पाय सरकवले. माझे बूट जागेवर नव्हते. कोणीतरी ते पाण्याच्या ड्रमामागे सारून ठेवले होते, हे मागाहून कळलं. पेटी खांद्यावर, पाठीमागे माणसं, थांबून बूट शोधायची ती वेळ नव्हती. मी तसाच अनवाणी निघालो. रस्ता तव्यासारखा तापलेला, त्याचं काही नाही. पण पेटीचा माझ्याकडचा कोपरा खाली गेला. मी खांदा वर ताणला, चवड्यांवर चालून पाहिलं, तरी पेटी माझ्याकडे झुकतच होती. आत काहीतरी सरकल्याचं मला कळलं, आणि मेहुण्यांनाही कळलं असणार.

ते म्हणाले, थांबा. शेजारच्या ओट्यावरून बाक आणवला, पेटी त्यावर टेकवली. मग ते मागे घराकडे गेले. मला वाटलं, माझ्या जागी दुसऱ्या कोणा उंच माणसाला आणतील, आणि तेच योग्यही झालं असतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत माझे बूट होते. सगळ्या भावकीसमोर, पंचांसमोर, ते खाली वाकले आणि बूट माझ्या पायांपुढे ठेवले. जावयापुढे पायताण ठेवायला थोरला मेहुणा वाकत नाही.

“घाला, दाजी,” ते म्हणाले. “आई कलतीय.”

मी बूट चढवले, चेन ओढली. पेटी पुन्हा खांद्यावर घेतली तेव्हा ती सरळ होती. आम्ही कबरस्थानात पोचलो. आत काळी माती, टाचा रुतायला लागल्या, तेव्हा मेहुण्यांनी मोकळ्या हाताने माझी बाही धरली आणि आम्ही तसेच खड्ड्यापर्यंत गेलो. मूठभर माती टाकताना ते लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. इतके दिवस त्यांच्यावर असलेला राग तेव्हा मला सापडेना.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी जेवण आणलं, बायकोने घास घेतला नाही. अंगणात सासूबाईंची बाज उभी करून भिंतीला लावली होती, गोधड्या बाहेर काढल्या होत्या. आम्ही निघालो तेव्हा मेहुणे दारापर्यंत आले. मग बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “येत जा बाई. दाजींनाबी आन. जसं यायचं तसं यिऊ दे.”

बायकोने भावाचा हात डोक्यावरून काढला नाही. ती त्या उभ्या बाजेकडे बघत होती.

“दादा,” ती म्हणाली, “आता कुनाकडं यिऊ?”