धुक्यातला कडा

लेकीच्या कॅम्पसाठी काल कामोठ्याच्या घरी माळ्यावरून जुनी सॅक काढली. तिच्या कॅनव्हासचा कुबट वास आला आणि मी एकदम दहा वर्षांची झाले.

आई, बाबा आणि मी पाठीवर सॅक घेऊन भीमाशंकरच्या जंगलातून चाललो होतो. धुकं इतकं दाटलं, की पायवाट सुटली.

"जरा पुढे बघून येतो," बाबा म्हणाले.

"कुठंही जायचं नाही. इथंच बसा!" आई बाबांवर असं कधीच ओरडत नसे.

आम्ही ओल्या पाचोळ्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वारा सुटला, धुकं विरलं, आणि पाहतो तर बाबांच्या बुटांपुढे वीतभरावर जमीन संपलेली. खाली सगळं कोकण पसरलं होतं. हिरवी खाचरं, उन्हात चमकणारी नदी, आणि आमच्या पायांच्याही खाली तरंगणारी एक घार. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

बाबांचे डोळे भरून आले होते. इतकं सुंदर दिसतंय म्हणून, असं मला तेव्हा वाटलं. पण बाबा दरीकडे बघतच नव्हते; आम्हा दोघींकडे बघत होते.