चार वर्षांचं पाणी

अपडेट संपलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी टाकून तिथंच थांबला. सुलतानपूरच्या वाचनालयातला हा जुना, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर. त्यात गावच्या अठरा विहिरींची चार वर्षांची मापं होती. दर सोमवारी पुंजाजी दोर सोडून पाणी मोजायचा आणि वाचनालय सांभाळणारी धम्मशीला आकडे भरायची. मापांची कागदी वही केव्हाच वाळवीनं खाल्ली होती.

मेहकरहून दुरुस्तीला आलेला राजकुमार म्हणाला, "ताई, काऊन डोकं खपवून राह्यल्या? फॉर्मॅट मारू. अर्ध्या घंट्यात नवा होते."

"अन् मापं?"

"पुन्हा घ्या ना."

"परसालचं पाणी आता कोणत्या विहिरीत मोजू बे?" पुंजाजी म्हणाला.

राजकुमार हसत पिशवी उचलून गेला.

पुंजाजीनं तीस वर्षं विहिरी खोदल्या होत्या. माणूस कामाला हात कसा लावतो, तेवढंच तो पाहायचा. धम्मशीलेनं आधी हात लावलाच नाही. चारही ओळी कागदावर उतरवल्या, मोबाईलवर त्यांचा अर्थ शोधला. मग मशीन बंद करून चालू केलं आणि एक बटण दाबून धरलं. पडद्यावर आतल्या कर्नेलांची यादी आली.

"बाबा, कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा. अपडेटनं नवा टाकला, पण जागा पुरली नाही, अर्धाच उतरला. जुना अजून आत आहे. त्याच्यावर चालू करून पाहू."

"नवा दोर तुटला, तर जुन्यानं वर यायचं."

"हाव."

कॉम्प्युटर चालू झाला. पुंजाजी उठू लागला.

"बसा बाबा. झालं नाही अजून."

तिनं मापांची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, उघडून पाहिली. मग फार जुने, आता न लागणारे कर्नेल काढून जागा केली आणि नवा पुन्हा नीट बसवला. तीनदा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा सुरळीत. पाणी लागलं की कुदळ टाकणारे पुंजाजीनं पुष्कळ पाहिले होते. काठ बांधून होईस्तोवर न उठणारे थोडे.

तिनं पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. "हा तुमच्या घरी राहू द्या. दर सोमवारी आणत जा, नवे आकडे त्यातही भरू. आता आजची मापं सांगा."

"घेतलीच नाही. म्हटलं, लिहायले जागा राह्यते का नाही."

"राह्यली ना."

पुंजाजीनं पेनड्राइव्ह बंडीच्या खिशात घातला आणि खुंटीवरचा दोर उतरवला.