कापूस लागलेली गाडी

प्रतिमा रेगे यांचं वस्तू नुसती पाहून भागत नसे. बोट लावायचं, वास घ्यायचा, मग मत द्यायचं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या वाचनालयात त्या बरीच वर्षं नोकरीला होत्या. तिथेसुद्धा परत आलेल्या पुस्तकावरचा डाग चहाचा की सूपचा, हे त्या हुंगून सांगत.

त्यामुळे निवृत्त झालेल्या त्यांच्या नवऱ्याने, मनोहररावांनी, जुनी आरव्ही, म्हणजे पलंग-स्वयंपाकघरासकट फिरणारी गाडी, विकत घेऊन दारात उभी केली, तेव्हा बाईंनी आत डोकावण्याआधी तिच्या पांढऱ्या अंगावरून तळहात फिरवला. फळा पुसल्यावर होतो तसा हात पांढरा झाला.

"अहो, हिचा रंग जातोय!"

"उन्हातली गाडी आहे. जुनी झाली की असंच," मनोहरराव म्हणाले. "चालते ना? झालं."

नुसतं चालून भागणार नव्हतं. नागपूरची बालमैत्रीण सीमा महिनाअखेर यायची होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वाळूत पाऊल टाकायला डॉक्टरांची बंदी. "समुद्राएवढं तळं आहे म्हणे तुमच्याकडे," ती फोनवर म्हणाली होती. "पलंगावरून दिसेल असं काही जमव बाई. एवढं एक बघू दे." लेक सुपिरिअर या तळ्याच्या काठी अशा गाड्या उभ्या करायचं एक कॅम्पग्राउंड होतं. पण तिथला नियम असा, की गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर आधी चारही बाजूंचे फोटो पाठवायचे. कळकट गाडीला जागा नाही. फोटो शुक्रवारपर्यंत हवे होते.

बाईंनी गाडी धुवायला घेतली आणि नवलच झालं. ओली होती तोवर गाडी आरशासारखी चमकली. पाणी वाळलं, पुन्हा खडू. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा चमक. त्या पाइप हातात धरून विचारात पडल्या. चमक गेलेली नाही, आतच आहे, फक्त पाणी टिकत नाही. मग न वाळणारं पाणी कोणतं? तेल! कोकणातल्या त्यांच्या गावी देवीच्या काळ्या पाषाणाला तेल लावत, तेव्हा मूर्ती कशी जिवंत दिसायची!

संध्याकाळपर्यंत घरातलं सगळं खोबरेल गाडीच्या अंगात जिरलं होतं. उतरत्या उन्हात गाडी अशी काही झळकली, की मनोहररावांनी चारही बाजूंनी फोटो काढले.

पण जूनमधल्या मिशिगनची एक गंमत आहे. कॉटनवूडची झाडं या दिवसांत कापूस उडवतात. रात्री गारठा पडून खोबरेल थिजलं आणि त्यात गल्लीभरचा कापूस येऊन बसला. सकाळी दारात गाडी नव्हती, मेंढी होती.

समोर राहणारा सत्यजित मोटारींच्या रंगाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. ऑफिसला निघालेला तो कॉफी हातात घेऊन थबकला. "मावशी, हे काय? विंटर कोट?"

"हस तू. आधी सांग, ओली असताना का चमकते ही?"

"वरचा थर उन्हाने मेलाय. त्यात बारीक खड्डे पडलेत. पाणी ते भरून काढतं, म्हणून चमक."

"मग मीही भरलेच की, तेलाने!"

"भरायचे नाहीत, मावशी. मेलेला थर घासून काढायचा, मग पॉलिश, मग वर मेण. आणि आधी हे तेल साबणाने पूर्ण काढा, नाहीतर मेण धरणारच नाही."

"म्हणजे टाचांचं करतो तसंच. वज्रीने घासायचं, मग मलम."

"हो, पण वज्री लावू नका प्लीज!"

मनोहरराव बाहेर आले. "एवढा खटाटोप कशाला? कालचे फोटो पाठव. मस्त आलेत."

"आणि फाटकात गाडी बघून तिथल्या मॅनेजरने परत पाठवलं तर? मागे सीमा बसलेली असेल."

मनोहरराव साबणाची बादली भरायला गेले.

सत्यजितने घासायचं यंत्र आणि घासायची पेस्ट आणून दिली. एका जागी थांबायचं नाही, गाडीचं फायबरग्लासचं अंग तापून करपतं. उन्हात करायचं नाही. रबराच्या कडांना टेप लावायची. बाईंनी सगळं ऐकलं आणि प्रत्येकाला 'का' विचारलं. मागच्या कोपऱ्यात हाताएवढा तुकडा घासून पाहिला. फडक्यावर खडू आला, आणखी आला, मग येईनासा झाला. त्या कोरड्या तुकड्यात स्वतःचं नाक दिसलं, तेव्हा त्या एकट्याच मोठ्याने हसल्या.

शुक्रवार आला तेव्हा डावी बाजू, पुढचा आणि मागचा भाग झाला होता. उजवी बाजू तशीच होती. खांदे भरून आले होते. बाईंनी चारही बाजूंचे खरे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "उजवी बाजू अजून बाकी आहे."

दुपारी कॅम्पग्राउंडच्या मॅनेजरचा फोन आला. तो म्हणाला, "पहिल्या रांगेतली शेवटची जागा देतो. तिथे गाडीची उजवी बाजू पाण्याकडे येते. तिकडून बघायला बदकंच असतात."

आणि पलंगाची खिडकी उजव्याच बाजूला होती.

सीमा आली, गाडी काठावर पोहोचली. पहिल्या सकाळी तिला जाग आली ती खसखस आवाजाने. तिने उशीला टेकून पडदा सरकवला. बाहेर स्टुलावर उभी राहून प्रतिमा खिडकीच्या काठची राहून गेलेली मळकट पट्टी हाताने घासत होती, आणि तिच्या रुंद पाठीमागे तळ्याचं काहीसुद्धा दिसत नव्हतं.

सीमाने काचेवर टकटक केलं. "प्रतिमे, तळं दाखवायला आणलंस ना मला? मग सरक की बाजूला!"