मधाळे सरांचा शनिवारचा वर्ग

आमच्या बेळगावच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये प्रत्येक शाखेचं वेगळं टेबल आहे आणि चहाची किटलीही वेगळी. शिपाई नागोजी आधी विज्ञानाच्या टेबलावर किटली ठेवतो, मग कलेच्या, शेवटी आमच्या वाणिज्याच्या. हा नियम कुणी केलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. सत्याप्पा मधाळे चौऱ्याहत्तर साली वनस्पतिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा अर्थातच विज्ञानाच्या टेबलावर बसले. पुढे ते कुठल्याच टेबलाचे राहिले नाहीत. ते कसं झालं, तेवढंच मला सांगायचं आहे.

मधाळे निपाणीचे. वडील लहानपणीच गेलेले. आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीत तंबाखू कुटतात, चाळतात. माल वाऱ्यानं उडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवतात आणि सगळी धूळ आत काम करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाते. त्या पदर तोंडाला गुंडाळतात आणि गालात गुळाचा खडा धरतात. गुळानं घसा ओला राहतो, खोकला थोडा वेळ दबतो. त्या मजुरीवर मधाळे शिकले, धारवाडहून एम.एस्सी. झाले. नोकरी लागल्यावर त्यांनी आईला काम सोडायला लावलं आणि बेळगावातच शहापुरात विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. वखार सुटली, खोकला सुटला नाही.

एकदा मधल्या सुट्टीत ते आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, विडीच्या बंडलाची किंमत काढताना तुम्ही काय काय धरता?"

"पान, तंबाखू, दोरा, मजुरी, भाडं, वाहतूक," मी म्हणालो. कॉस्टिंग हा माझाच विषय.

"आणि खोकला?"

मला हसू आलं. "तो कुठल्या खात्यात घालायचा?"

"तेच तर विचारतोय. तंबाखूचं झाड माझ्याकडं, भाव अर्थशास्त्राकडं, खोकला डॉक्टराकडं, हिशेब तुमच्याकडं. आई मात्र एकच आहे की हो!"

त्यातून शनिवारचा वर्ग निघाला. दुपारी कॉलेज सुटल्यावर मागच्या बाजूच्या एका खोलीत तिन्ही शाखांची मुलं चार वाजेपर्यंत एकत्र बसत. एक प्रश्न घ्यायचा आणि प्रत्येकानं आपापल्या विषयातून तो धरायचा. उचगावची मुलं बटाट्यावर फवारायच्या औषधाचा प्रश्न घेऊन आली. काही मुलं निपाणीला जाऊन वखारीतल्या बायकांच्या खोकल्याची पाहणी करून आली. एका शनिवारी मी गेलो आणि किंमत कशी काढतात ते फळ्यावर मांडून दाखवलं. मधाळे मुलांना सांगत, हे निपाणीपुरतं नाही. जिथं जिथं पोटाच्या पिकाची जमीन पैशाच्या पिकाला गेली, तिथं तिथं, पार आफ्रिकेत सुद्धा, हेच चाललंय. दुष्काळ, धूर, तेलाचा भाव हे प्रश्न आपल्याकडं शाखा विचारून येत नाहीत. मग ते सोडवायला शिकणाऱ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत का बसावं?

स्टाफरूममध्ये थट्टा व्हायचीच. अर्थशास्त्राचे मारुतीराव मोठ्यानं म्हणायचे, "वनस्पतीवाले भाव शिकवायला लागले. उद्यापासून मी कुंड्यांना पाणी घालतो!" विज्ञानाच्या टेबलावरूनही कुणीतरी विचारायचं, "काय मधाळे, आज कुठलं शास्त्र?" मधाळे हसायचे. हळूहळू ते कप घेऊन खिडकीशी उभे राहू लागले. नागोजीच्या तिन्ही किटल्यांपैकी ज्या किटलीत उरेल तो चहा त्यांचा.

पण वर्गाला गुण नव्हते, त्यामुळे मुलं गळू लागली. परीक्षेला नसलेला विषय कशाला, असं पालकही विचारायला लागले. तेव्हा प्राचार्यांनी मधाळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "विद्यापीठाची मान्यता आणा. आली तर हा रीतसर अभ्यासक्रम होईल, शिकवायला एक माणूसही मिळेल. नाही आली तर हे बंद."

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात तीन जणांची समिती यायचं ठरलं. एक शास्त्रज्ञ, एक अर्थतज्ज्ञ आणि एक डॉक्टर. मधाळ्यांनी ठरवलं, यांच्यापुढं कागद वाचायचे नाहीत. वखारीतल्या बायकाच आणायच्या. तिघांनी एकाच वेळी एकाच माणसाकडं बघितलं, की वर्ग कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही. मला ते पटलं. बायकांना निरोप द्यायचं काम सोनुबाईंनी हौसेनं अंगावर घेतलं आणि त्या निपाणीला जाऊन आल्या.

त्या दिवशी सकाळच्या बसनं दहा-बारा बायका आल्या. मी त्यांना फाटकाशी घ्यायला गेलो आणि थबकलो. सगळ्यांनी न्हाऊन, केसांना तेल लावून, ठेवणीतली लुगडी नेसली होती. लग्नाला निघाल्यासारख्या. पुढं सोनुबाई.

"यल्लव्वा, पदर नीट घे गं! साहेब लोकं हाईत," त्या सारख्या सांगत होत्या.

खोलीत समिती समोर बसली, बायका बाकांवर. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी मराठीत विचारलं, "बाई, खोकला येतो का?"

"न्हाय जी."

"दम लागतो? छातीत दुखतं?"

"कशाचं आलंय? लई झ्याक हाय सगळं."

मधाळ्यांचा चेहरा बदलला. डॉक्टरांनी एका म्हातारीला कन्नडमधून विचारलं. ती हात जोडून म्हणाली, "एनू इल्ल्री साहेब," म्हणजे काहीच नाही.

मी बाजूला भिंतीशी उभा होतो. तिथून मला बायकांचे गाल दिसत होते. प्रत्येकीच्या गालात गुळाचा खडा होता. एकीचे डोळे पाण्यानं भरले होते, मान ताठ झाली होती, पण तोंड मिटलेलं होतं.

मधाळे पुढं झाले. "आई, खरं काय ते सांग."

"खरंच सांगतोय की रं," सोनुबाई म्हणाल्या आणि समितीकडं बघून हसल्या. "माझं पोरगं लई हुशार हाय जी. त्याला पास करा."

अर्थतज्ज्ञ हसले. शास्त्रज्ञांनी मुलांच्या पाहणीचे कागद चाळले आणि म्हणाले, "तुमचे विद्यार्थी लिहितात दहातल्या सातजणींना खोकला. या तर नाही म्हणतात."

मधाळ्यांनी आईकडं पाहिलं. तोंड उघडून दाखव, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि व्हरांड्यात एकीला ढास लागली. मग दुसरीला, मग सगळ्यांनाच. खांबाला धरून, खाली बसून त्या खोकत होत्या आणि मधे मधे हसत होत्या. "मेलो गं बाई! अजून थोडा वेळ बसवलं असतं तर फुटलोच असतो!" यल्लव्वा म्हणाली. सोनुबाई तिची पाठ चोळत होत्या. त्यांनी मला अभिमानानं सांगितलं, "मीच सांगितलतं सगळ्यांस्नी. पोराची परीक्षा हाय, साहेबापुढं कुणी खोकायचं न्हाय. पाव्हण्याम्होरं दुखणं काढू नये."

मग त्यांनी मुलाला विचारलं, "झालास न्हवं पास?"

मधाळे म्हणाले, "व्हय."

मान्यता आली नाही. उपक्रम स्तुत्य, पण कोणत्याही एका शाखेत बसत नाही आणि पाहणीचे निष्कर्ष भरवशाचे वाटत नाहीत, असा अभिप्राय आला. प्राचार्यांनी वर्ग बंद केला, पण खोली कुणाला लागत नव्हती म्हणून किल्ली मागितली नाही. विज्ञानाच्या टेबलावरची मधाळ्यांची खुर्ची तेवढ्या काळात दुसऱ्याची झाली होती.

घरी मात्र वर्ग चालूच राहिला. शहापूरच्या गल्लीत सोनुबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्या पोराचा वर्ग विद्यापीठानं घेतला. शनिवार आला की त्या मुलांसाठी डबा भरतात, चिरमुऱ्याचे लाडू, कधी शेंगांची चटणी आणि भाकरी. मधाळे तो घेऊन निघतात आणि मागच्या खोलीत जाऊन बसतात. फळ्यावर काही लिहीत नाहीत. वाचतात, नाहीतर नुसते बसतात. संध्याकाळी डबा रिकामा करूनच परत न्यावा लागतो, म्हणून एखादा लाडू नागोजीला, एखादा मला.

मी एकदा म्हणालो, "मधाळे, आईंना सांगून टाका. किती वर्षं हे असं चालवणार?"

त्यांनी डब्याचं झाकण काढून माझ्यापुढं केलं.

"काय सांगू, सर? तू खोकली न्हाईस म्हणून मी नापास झालो, असं?"

मी लाडू घेतला. बाहेर मैदानावर कुणीच नव्हतं, सगळं कॉलेज कधीच घरी गेलं होतं. मधाळ्यांनी दुसरा लाडू हातात घेऊन बघितला, परत डब्यात ठेवला आणि विचारलं, "अजून एक घेता? चार वाजेपर्यंत मला निघता येत नाही."