चौथ्या कार्डाचं कुंकू
झेंडूचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. लासुर्ण्यात माझी सून लग्नकार्याचे व्हिडिओ करते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातलं चित्रण कॉम्प्युटरात उतरवलं की ती कार्डावर नेलपेंटचा लाल ठिपका द्यायची, म्हणजे ते पुसायला मोकळं. मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिनं कॅमेरा आणि कार्डं पूजेला मांडली होती; तीन कार्डांवर ठिपका होता, चौथं कोरं. मला वाटलं, सुनेनं घाईत पूजा उरकली, म्हणून मी त्याला कुंकू लावलं. दसऱ्याला कामावर निघताना तिनं तीन कार्डं पुसली, चौथं कॅमेऱ्यात घातलं आणि बोटाला लाल लागलेलं बघून थांबली. “आत्या, हे कुंकू हाय. तुमी लावलं?” “व्हय, मीच.” मग तिनं ठिपक्याचं सांगितलं. त्या कार्डात भवानीनगरच्या एका आबांची पंच्याहत्तरी होती, अजून कॉम्प्युटरात न उतरवलेली. आबा महिन्यापूर्वी वारले होते आणि त्यांची लेक व्हिडिओचं विचारायला बाहेर बसली होती. “पुसलं का गं?” मी विचारलं. “पुसायचं बटण दाबलं का न्हाय, तेच आठवंना.” तिनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग आबा फेटा सावरताना दिसले. “आता ठिपक्यावर जायचंच न्हाय,” सून म्हणाली, “उघडून बघायचं, मगच पुसायचं.” लेकीला आम्ही काही सांगितलं नाही. वडलांचा व्हिडिओ आम्ही जपला म्हणून ती अजून भेटली की माझ्या पाया पडते, आणि मला ते नको वाटतं.